सुनेच्या आजीचं एल्मच्या सालीचं भांडं: तेल लावू का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा-सून अमेरिकेत बफेलोला राहतात. सून सेनेका आहे, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या होडेनोशोनी (इरोक्वाय) महासंघातल्या सहा राष्ट्रांपैकी एकातली. तिच्या आजीचं घर किन्झुआ धरणात गेलं. तेव्हा जे काही उचलून आणता आलं त्यात झाडाच्या सालीचं एक लांबट भांडं होतं, ते आता सुनेकडे आलंय. दिवाणखान्यात फायरप्लेसच्या वरच्या फळीवर ठेवलं होतं. या हिवाळ्यात त्याच्या काठापासून खाली चीर गेली. जवसाचं किंवा खोबरेल तेल लावावं का? फेव्हिकॉल चालेल का? नातीच्या उष्टावणाला त्यातून खीर भरवावी अशी हौस आहे. मुलाचं म्हणणं, एवढी जुनी वस्तू संग्रहालयाला द्यावी, निदान किंमत तरी काढून घ्यावी.

ताई, तेल नको. जवसाचं नको, खोबरेल नको, दुकानात ‘लाकडासाठी’ म्हणून मिळतं तेही नको. फेव्हिकॉल तर नकोच नको. आज एवढंच करा: सुनेला विचारून भांडं त्या फळीवरून खाली घ्या. काठाला धरून उचलू नका, हातमोजे घालून दोन्ही तळहात खालून लावा. एका मोठ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात धुतलेल्या सुती चादरीची गादी करून त्यावर ठेवा आणि खोकं घराच्या आतल्या बाजूच्या भिंतीलगतच्या कपाटात जाऊ द्या. बाहेरच्या थंड भिंतीजवळ नको आणि गरम हवेच्या झरोक्याजवळही नको. चीर दाबून जुळवायचा मोह आवरा. दोरा, रबरबँड, चिकटपट्टी यातलं काहीही लावू नका.

आता कारणं. साल, कातडं, गवत, वेत अशा वस्तूंच्या जतनाचं काम मी करते. सुरुवात पुण्यात भूर्जपत्रांच्या पोथ्यांपासून झाली आणि गेली बरीच वर्षं अमेरिकेत हेच चाललंय. आपल्याकडे कोरडं दिसलं की तेल लावायचं हे हाडीमाशी भिनलेलं आहे. ताडपत्राच्या पोथ्यांना गवती चहाचं किंवा सिट्रोनेलाचं तेल लावायची रीत आहे, तीही डोक्यात असते. पण सुकलेल्या सालीतून जे गेलेलं असतं ते पाणी, तेल नव्हे. वरून लावलेलं तेल सालीच्या छिद्रांत जाऊन बसतं. जवसाचं तेल हवेने घट्ट होऊन पिवळं-काळं पडतं आणि चिकट राहतं, खोबरेल खवट होतं. दोन्हींवर धूळ बसते, धुळीमागून किडे येतात. त्याहून वाईट म्हणजे पुढे कुणी जाणकार बाष्प देऊन ती साल सैल करू पाहील, तेव्हा तेलामुळे बाष्प आत शिरतच नाही. तेलाने आठवडाभर भांडं छान चमकेल. एवढाच त्याचा फायदा.

चीर का गेली हे कळायला भांडं कसं बनतं ते पाहावं लागेल. न्यूयॉर्क आणि दक्षिण ओंटारिओच्या पट्ट्यात होडेनोशोनी लोक बहुतेक सगळं सालकाम एल्मच्या सालीत करत: घराची भिंत आणि छप्पर, पाणी-रस साठवायची पिंपं, परातीसारखी पसरट भांडी, अगदी नावासुद्धा. उत्तरेकडचे अनिशिनाबे वगैरे लोक बर्चची साल वापरतात. फोटोत या दोन्हींची गल्लत नेहमी होते. वसंताच्या शेवटी झाडात रस चढतो तेव्हाच साल खोडापासून मोकळी होते. खाली-वर गोल काप, मधे एक उभा काप आणि लाकडी पाचरीने सोडवत गेलं की अख्खा पत्रा हातात येतो. बाहेरचा खडबडीत थर तासून काढतात. साल ओली असतानाच दोन्ही टोकं दुमडून वर घेतात, म्हणजे होडीसारखा लांबट घाट येतो. काठाला आतून-बाहेरून हिकरी किंवा अ‍ॅशच्या लाकडाची चिरफळी वाकवून तिचं कडं बसवतात आणि बासवुड, एल्म किंवा हिकरीच्या अंतर्सालीच्या पट्टीने ते शिवून टाकतात. लोखंड नाही, खिळा नाही.

गोम इथेच आहे. काठाचं कडं म्हणजे धाग्याच्या दिशेने फाडलेलं लाकूड. लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही. साल मात्र आडवी चांगलीच आकसते. हवा कोरडी झाली की साल आत ओढली जाते, कडं जागचं हलत नाही, आणि सगळा ताण येतो टाक्यांच्या भोकांवर. भोकापासून चीर सुरू होते आणि धाग्याच्या दिशेने खाली उतरते. तुमच्या फोटोत नेमकं हेच दिसतंय: चिरेचं वरचं टोक टाक्याच्या भोकात आहे आणि खालचं टोक निमुळतं होत गेलंय. चिरेच्या कडा आतून फिकट, ताज्या दिसतायत, म्हणजे ती नवी आहे. दुमडलेल्या टोकाशी जी दुसरी बारीक रेघ आहे तिच्यात काजळी शिरलेली आहे, ती जुनी आहे आणि बहुधा भांडं वापरात असतानाच पडलेली. तिची काळजी करू नका, ती स्थिरावली आहे.

बफेलोचा हिवाळा पुण्याहून आलेल्या माणसाला कल्पनेत येत नाही तो याच बाबतीत. थंडी दिसते, कोरडेपणा दिसत नाही. उणे १० अंशाची बाहेरची हवा घरात आणून २१ अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता १० टक्क्यांच्या आसपास येते. घरातला स्वयंपाक, अंघोळी, माणसांचे श्वास धरून ती थोडी वाढते, पण सालीला हवी तेवढी होत नाही. सालीला साधारण ४० ते ५५ टक्के मानवते, आणि आकड्यापेक्षाही चढउतार कमी असणं महत्त्वाचं. फायरप्लेसवरची फळी म्हणजे खालून रोज ऊब आणि रात्री गार, म्हणजे वाईटात वाईट जागा.

यावर सगळ्या घरात ह्युमिडिफायर लावून ५० टक्के गाठायला जाऊ नका. खिडक्यांवर पाणी साचेल, चौकटी कुजतील, मुलगा वैतागेल. त्यापेक्षा भांड्याभोवतीची थोडी हवा सांभाळा. झाकणाचं पुठ्ठ्याचं खोकं, आत सुती कापड आणि आम्लरहित टिश्यू कागद भरपूर. कापड आणि कागद स्वतःच ओल धरतात-सोडतात, त्यामुळे आतले चढउतार मंदावतात. आत एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक टाका, स्वस्तात मिळतो. आकडा ३५च्या खाली राहत असेल तर ५० टक्क्यांवर स्थिर केलेल्या सिलिका जेलच्या कॅसेट मिळतात, त्यातली एक कोपऱ्यात ठेवा. बुटांच्या खोक्यातल्या पुड्या नव्हेत हं, त्या हवा कोरडी करतात. ओला स्पंज, पाण्याची वाटी असले घरगुती उपाय नकोत. ६५च्या वर गेलं की बुरशी धरते, आणि बुरशीचे डाग सालीतून निघत नाहीत. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवू नका, त्याचं कारणही हेच.

एवढं केलंत तर दोन-तीन आठवड्यांत चीर आपोआप थोडी मिटलेली दिसेल. पूर्ण मिटणार नाही. त्यानंतर खरंच दुरुस्ती लागेल का, ते ठरवू. लागलीच तर ती कशी असते ते सांगते, म्हणजे कुणी भलतंच काही सुचवलं तर ओळखू येईल. बाष्प आत येतं पण पाण्याचा थेंब येत नाही अशा पडद्याखाली ती जागा हळूहळू सैल करतात. मग पातळ जपानी कागद सालीच्या रंगात रंगवून, गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने किंवा मिथाइल सेल्युलोजने मागच्या बाजूने पट्टीसारखा बसवतात. खळ मुद्दाम सालीपेक्षा दुबळी ठेवतात. उद्या पुन्हा ताण आला तर आमचा कागद सुटावा, शेजारची साल फाटू नये. फेव्हिकॉलचं बरोबर उलटं होतं: तो जोड घट्ट धरतो आणि चीर दुसरीकडे सरकते, शिवाय पुढे निघत नाही. तुमच्या बफेलोतच कलावस्तूंच्या संवर्धनाचा नावाजलेला पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो. तिथे विचारणा करा, नाहीतर संवर्धकांच्या अमेरिकन संघटनेच्या यादीत सेंद्रिय वस्तूंवर काम करणारं जवळचं कुणी शोधा.

किड्यांबद्दल दोन शब्द, कारण तुम्ही डांबरगोळ्यांचा उल्लेख केलात. नकोत. त्यांची वाफ तुमच्या छातीला आणि बाळाला वाईट, आणि वास वर्षानुवर्षं जात नाही. भांडं पांढऱ्या कागदावर आठवडाभर ठेवून पाहा. खाली बारीक पिठासारखा भुसा पडला तर भुंगेरा जिवंत आहे. मग पिशवीत हवा काढून बंद करून उणे २० अंशाच्या डीप फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवायचं आणि बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडायची नाही. हा एवढाच प्रसंग प्लास्टिकच्या पिशवीचा. पण चीर ताजी असताना हेही मी तज्ज्ञाच्या हातूनच करून घेईन.

आता डाग. तुम्ही लिहिलंय की आतली ‘पांढरट घाण’ ओल्या फडक्याने पुसायचा विचार आहे. थांबा. टाक्यांच्या खाचेत जे पांढरं-राखाडी दाटून बसलंय ते बहुधा मक्याचं पीठ आहे. हे भांडं म्हणजे त्या घरची काठवट. पांढरा मका लाकडाच्या राखेच्या पाण्यात उकळतात, फोलपटं सुटली की खास विणलेल्या टोपलीत घालून वाहत्या पाण्यात धुतात. मग लाकडी उखळात कांडून, चाळून ते पीठ अशा सालीच्या भांड्यात उकडलेल्या राजम्याबरोबर मळतात. जाडसर चपटे गोळे करून उकळत्या पाण्यात शिजवले की त्यांची मक्याची भाकर झाली. राखेचं पाणी केवळ सालपटं काढायला नसतं. मक्यातलं नियासिन हे जीवनसत्त्व त्यानेच अंगी लागतं, आणि ही युक्ती न उचलता नुसता मका खाणाऱ्या युरोपात आणि अमेरिकेच्या दक्षिणेत त्याच्या कमतरतेच्या पेलाग्रा रोगाने माणसं मेली. तर त्या खाचेतल्या पिठात एका घराची बरीच वर्षं आहेत. तळाचा गुळगुळीत झालेला भागही हातांनीच झालेला आहे. मऊ ब्रशने वरची सुटी धूळ झटका, बस. पाणी लावू नका.

साल कुठल्या एल्मची हे हवं असेल तर चिरेच्या जागी, किंवा काठाला जिथे बाहेरचा थर उरला असेल तिथे, भिंगातून छेद पाहा. अमेरिकन एल्मच्या बाहेरच्या सालीत फिकट आणि गडद थर आलटून पालटून दिसतात, रेड एल्मची साल सलग तपकिरी असते. रेड एल्मलाच स्लिपरी एल्म म्हणतात, कारण त्याची अंतर्साल ओली झाली की बुळबुळीत होते. सुकल्यावर तिला चक्क मेथीसारखा वास येतो. मराठी नाक तो लगेच ओळखेल. पण इतक्यात नाक खुपसू नका, त्याआधी एक गोष्ट विहीणबाईंना विचारून घ्या.

ती गोष्ट अशी: हे भांडं कधी घराबाहेर गेलं होतं का? संग्रहालयात, व्यापाऱ्याकडे, कुणा संग्राहकाकडे, शाळेच्या प्रदर्शनात? पूर्वी संग्रहालयांत अशा वस्तूंना कीड लागू नये म्हणून आर्सेनिक, पाऱ्याचे क्षार, पुढे डीडीटी सर्रास मारत. ते डोळ्यांना दिसत नाही, धुऊन जात नाही. संग्रहालयांतून मूळ समाजांकडे परत आलेल्या वस्तूंमध्येही ते सापडलेलं आहे. भांडं कायम घरातच असेल तर धोका कमी, तरी १९५०-६०च्या घरांत डीडीटीचे फवारे असतच. क्ष-किरणांच्या हातातल्या उपकरणाने आर्सेनिक आणि पारा मिनिटांत तपासता येतो. डीडीटीसाठी वेगळी चाचणी लागते. तोवर हाताळताना नायट्राइलचे हातमोजे घाला, आणि बाळाच्या आसपास भांडं नको.

म्हणून उष्टावणाची खीर त्यात नको. विषाचा प्रश्न निकालात निघाला तरी गरम, ओली, दुधाची खीर आणि चिरलेली साल यांचं जमणार नाही. पण ‘त्यात अन्न ठेवायचंच नाही’ असं मात्र मी सांगणार नाही, तो अधिकार माझा नाही. चाचणी स्वच्छ आली आणि सुनेच्या माहेरच्यांनी ठरवलं की बाळासमोर त्यात मक्याची दोन कणसं ठेवायची, तर ठेवा. वस्तू वापरात राहाव्यात असं अनेक होडेनोशोनी घरांना वाटतं, आणि संवर्धकांनी गेल्या काही दशकांत हे ऐकायला शिकणं हा या क्षेत्रातला चांगला बदल आहे.

मुलाच्या मुद्द्यावर थोडं स्पष्ट बोलते. भांडं त्याचं नाही, तुमचं नाही, आणि एका अर्थी फक्त सुनेचंही नाही. होडेनोशोनी समाजात कूळ आईकडून येतं. घर, शेत, घरातली भांडीकुंडी परंपरेने बायकांची. तुमची नात आडनाव तुमचं लावेल, कूळ मात्र आईचं असेल. आर्थर पार्कर यांचं उदाहरण बघा. न्यूयॉर्क राज्य संग्रहालयाचे ते नामवंत पुरातत्त्वज्ञ, वडील सेनेका वंशाचे, पण आई गोरी. त्यामुळे जन्माने त्यांना कूळ मिळालं नाही, पुढे अस्वल कुळाने दत्तक घेतलं तेव्हा मिळालं. तेव्हा देणं, विकणं, दुरुस्त करणं, कुठलाही निर्णय असो, आधी सून आणि विहीणबाई. त्यांनी विचारलं तर तुम्ही मत द्या.

संग्रहालय म्हणजे सुरक्षित, हेही तितकंसं खरं नाही. १८४९-५०च्या सुमारास मानववंशशास्त्रज्ञ लुइस हेन्री मॉर्गन यांनी सेनेकांकडून घरगुती वस्तू जमवून ऑल्बनीच्या राज्य संग्रहाला दिल्या. २९ मार्च १९११ला तिथल्या कॅपिटॉलच्या, म्हणजे राज्याच्या विधिमंडळाच्या इमारतीला आग लागली आणि त्यातल्या बहुतेक जळाल्या. पार्कर तेव्हा तिथेच होते, जे वाचलं त्यात त्यांचा वाटा होता. पुढे रोचेस्टरच्या संग्रहालयाचे संचालक असताना, १९३५ ते १९४१ या मंदीच्या वर्षांत, त्यांनी सरकारी रोजगार योजनेतून टोनावांडा आणि कॅटरॉगसच्या सेनेका कारागिरांकडून ५,०००च्या आसपास वस्तू करवून घेतल्या. हे एवढ्यासाठी सांगते की भांडं ‘दोनशे वर्षांचं’ असेलच असं धरून चालू नका. १९३०च्या दशकात अनेक हात पुन्हा सालकामाला लागले होते. त्याने त्याची पत कमी होत नाही. वय ठरवायचं तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, कोणी केलं, कुठे असायचं, त्यात काय मळायचे, आणि ते त्यांच्याच आवाजात फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. सालीकडे बघून मी दशक सांगू शकत नाही, आणि इंटरनेटवर फोटो पाहून वर्ष सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

किंमतही काढू नका, असं माझं मत. विम्यासाठी लागली तर रीतसर मूल्यांकन करून घ्या, पण बाजारभाव विचारत फिरलं की संग्राहकांचे फोन सुरू होतात. त्यापेक्षा सुनेची तयारी असेल तर सॅलमँका इथल्या सेनेका-इरोक्वाय नॅशनल म्युझियममध्ये एकदा जाऊन या. ते सेनेका राष्ट्राचं स्वतःचं संग्रहालय आहे. १९६५मध्ये पुऱ्या झालेल्या किन्झुआ धरणाने अ‍ॅलेगनी भागातली सुमारे १०,००० एकर जमीन गेली, ६००च्या आसपास सेनेका धरणग्रस्त झाले, तेही १७९४च्या कॅनांडेग्वा कराराने ती जमीन त्यांची राहील असं लिहून दिलेलं असताना. त्या गावांतून आलेलं भांडं काय आहे हे तिथल्या लोकांना समजावून सांगावं लागणार नाही. आणि भांडं पुण्याला नेऊन नातेवाइकांना दाखवायचं जे लिहिलंय, ते सोडून द्या. जून ते सप्टेंबर पुण्याची हवा त्याला बुरशी लावेल. फोटो दाखवा.

नातीसाठी वापरात आणता येईल असं भांडं हवंच असेल तर नवं करून घेता येतं. सालकाम जाणणारी माणसं सेनेकांमध्ये आणि इतर राष्ट्रांमध्ये आजही आहेत. विहीणबाई नाव काढून देतील, नाहीतर व्हिक्टरजवळच्या गॅनोन्डागन या जुन्या सेनेका गावाच्या जागी चौकशी करा. तिथे सालीचं लाँगहाउस, म्हणजे पारंपरिक लांबट घर उभारलेलं आहे आणि पांढऱ्या मक्याचं कामही चालतं. अडचण झाडांची आहे. १९३०च्या सुमारास अमेरिकेत शिरलेल्या डच एल्म रोगाने, म्हणजे सालीखालच्या भुंग्यांबरोबर पसरणाऱ्या बुरशीने, मोठी एल्म झाडं जवळपास संपवली. कोवळी झाडं उगवतात, पण एका भांड्यापुरती रुंद, बिनगाठीची साल द्यायच्या जाडीचं होण्याआधी बरीचशी मरतात. काठाच्या कड्याला लागणाऱ्या अ‍ॅशच्या झाडामागे २००२पासून एमराल्ड अ‍ॅश बोररचा भुंगेरा लागलाय, न्यूयॉर्कमध्ये तो २००९ला कॅटरॉगस काउंटीत सापडला. त्यामुळे कारागीर लगेच हो म्हणेल असं नाही, आणि घासाघीस तर करूच नका. साल मे-जूनमध्येच सुटते, म्हणून विचारायचं असेल तर विहीणबाईंनी आत्ता, हिवाळा संपायच्या आत फोन करायला हवा. या वर्षी झाड मिळालं नाही तर पुढचा मे.